सीपॅपच्या मास्कचा लीक: आकडा कसा वाचायचा आणि मग काय करायचं

मी पुण्यात स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करण्याचं आणि सीपॅप मशीन घरी बसवून देण्याचं काम करते. झोपेत घसा मिटून श्वास अडकू नये म्हणून हे मशीन रात्रभर मास्कमधून ठरावीक दाबाने, म्हणजे प्रेशरने, हवा देतं. नव्या माणसांचे सगळ्यात जास्त फोन येतात ते एका आकड्यावरून. मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘लीक’ म्हणून काहीतरी दिसतं, ते कालच्यापेक्षा जास्त असतं आणि घरातलं वातावरण बदलतं. कोणी पट्टे इतके आवळतं की सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल व्रण उठतो. कोणी ‘हवा गळतेय म्हणजे उपचार फुकट’ असं धरून चालतं आणि मशीन कपाटात ठेवून देतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण त्या रात्रीपासून झोपेत श्वास अडकणं पुन्हा सुरू होतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. लीक शून्यावर आणायचा नसतो. तो रात्री केव्हा होतो, किती वेळ टिकतो आणि त्या वेळी प्रेशर किती असतं, हे शोधायचं असतं. ते सापडलं की उपाय सहसा सोपा निघतो, आणि पट्टे आवळणं हा तो उपाय क्वचितच असतो.

१. थोडी हवा बाहेर जायलाच हवी

सीपॅपला एकच नळी असते. मशीनमधून हवा त्याच नळीने येते, पण आपण सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला दुसरी नळी नसते. त्यासाठी सीपॅपच्या मास्कवर बारीक भोकं किंवा जाळी ठेवलेली असते. मशीन चालू असताना मास्कच्या पुढे हात धरा, एक गार झोत लागेल. तो झोत म्हणजे बिघाड नव्हे. त्याला व्हेंट म्हणतात, आणि तो सतत वाहत राहिला तरच आत ताजी हवा राहते.

हा झोत दिसायला क्षुल्लक असला तरी मोजल्यावर मोठा निघतो. प्रेशर १० (सेंटिमीटर पाण्याचा दाब, मशीनवर दिसतो तोच आकडा) असताना मास्कच्या प्रकारानुसार मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा फक्त व्हेंटमधून जाते. प्रेशर वाढलं की हा आकडाही वाढतो. मास्कच्या डब्यातल्या माहितीपत्रकात कोणत्या प्रेशरला व्हेंटमधून किती हवा जाते याचा तक्ता किंवा आलेख असतो. तो कागद टाकून देऊ नका, पुढे कामाला येतो.

व्हेंटच्या भोकांवर चिकटपट्टी लावू नका, कापूस घालू नका. आवाज होतो म्हणून किंवा शेजारी झोपणाऱ्याला वारा लागतो म्हणून हा प्रयोग झालेला मी पाहिला आहे. आपण सोडलेलीच हवा पुन्हा आत घेण्याचा तो प्रकार आहे. डिसेंबर-जानेवारीत गोधडी डोक्यावरून घेऊन झोपायची सवय असेल, तर तोंडाचा भाग उघडा ठेवा.

व्हेंटखेरीज जी हवा कुशनच्या, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाच्या, कडेने, नाकपुडीच्या बाजूने किंवा उघड्या तोंडातून निसटते, ती नको असलेली गळती. या लेखात यापुढे ‘लीक’ म्हटलं की ती समजा.

२. तुमचं मशीन नक्की काय दाखवतं?

हे न पाहता आकडा वाचला तर पुढचं सगळं चुकतं. रेसमेड या कंपनीची मशीन व्हेंटमधून जाणारी हवा किती असेल याचा अंदाज करून ती वजा करतात आणि उरलेली, म्हणजे नको असलेली गळती दाखवतात. तिथे मर्यादा मानली जाते ती मिनिटाला २४ लिटर. काही रिपोर्टमध्ये हाच आकडा सेकंदाला लिटर असा येतो, तेव्हा मर्यादा ०.४ होते. दोन्ही एकच, सेकंदाचं मिनिट केलंय एवढंच.

फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनसारख्या मशीनच्या रिपोर्टमध्ये एकूण गळती असते, म्हणजे व्हेंटचीही धरून. तिथे प्रेशर १० ला ३५ दिसलं तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही, कारण त्यातली जवळपास सगळी हवा व्हेंटचीच आहे. तिथे ‘लार्ज लीक’ म्हणून वेगळी नोंद असते, म्हणजे गळती इतकी मोठी होती की श्वास नीट मोजता येत नव्हते. रात्रीतला किती वेळ त्यात गेला, ते पाहायचं.

एका घरातले दोन भाऊ, एक कोथरूडला आणि एक चिंचवडला, रोज सकाळी फोनवर आकडे जुळवून पाहत. धाकट्याचा नेहमी ३ किंवा ४, थोरल्याचा ३४. थोरले महिनाभर खचून गेले होते. दोघांची मशीन वेगळ्या कंपन्यांची होती. थोरल्यांचा मास्क उत्तम बसलेला होता, त्यांचं मशीन फक्त वेगळं मोजत होतं. तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहायचा असेल, तर आधी मशीन कोणतं ते विचारा. मशीन तिसऱ्याच कंपनीचं असेल तर पुरवठादाराला नेमका एवढाच प्रश्न करा: ‘यात व्हेंटची हवा धरली आहे की वगळली आहे?’

आणखी एक जागा बघायची राहून जाते. रेसमेडसारख्या मशीनच्या मेनूत मास्कचा प्रकार निवडावा लागतो: पिलो (नाकपुड्यांत टेकणारा), नेझल (फक्त नाकावरचा) किंवा फुल फेस (नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा). व्हेंटचा अंदाज मशीन त्यावरूनच करतं. तुम्ही पिलोवरून फुल फेसवर गेलात आणि मेनूत जुनाच प्रकार राहिला, तर वजाबाकी चुकते आणि लीकचा आकडा भलताच येतो. मास्क बदलला की हे बदला. मेनूत तो पर्याय दिसत नसेल तर पुरवठादाराकडून करून घ्या.

३. मधला आकडा, ९५ टक्क्यांचा आकडा आणि कमाल आकडा

सविस्तर रिपोर्टमध्ये लीकचे सहसा दोन किंवा तीन आकडे असतात. मधला आकडा, म्हणजे मीडियन, सांगतो की अर्धी रात्र लीक त्याच्या खाली होता. ९५ टक्क्यांचा आकडा सांगतो की रात्रीतला ९५ टक्के वेळ लीक त्याच्या इतका किंवा त्याहून कमी होता. कमाल आकडा म्हणजे रात्रीतला सगळ्यात मोठा, मग तो दोन सेकंदांपुरता का असेना.

कमाल आकडा सोडून द्या. तुम्ही रात्री बाथरूमला उठलात आणि मशीन बंद न करता मास्क काढलात, तर तिथे आकाशाला भिडणारा आकडा येतो. त्याला काही अर्थ नाही.

९५ टक्क्यांचा आकडा मात्र समजून घ्या. सात तास झोपलात म्हणजे ४२० मिनिटं. त्याचे पाच टक्के म्हणजे २१ मिनिटं. तुमचा ९५ टक्क्यांचा आकडा ३० असेल, तर सात तासांपैकी साधारण २१ मिनिटं लीक ३० किंवा त्याहून वर होता. उरलेल्या वेळात काय होतं, ते मधला आकडा सांगेल. म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे.

पुढचे आकडे व्हेंटची हवा वगळून दाखवणाऱ्या मशीनचे आहेत. समजा मधला आकडा १, ९५ टक्क्यांचा १६ आणि कमाल ७२. ही चांगली रात्र आहे, काहीही करू नका. समजा मधला ०, ९५ टक्क्यांचा ३४. म्हणजे बहुतेक रात्र मास्क छान बसला होता, पण काही वेळ काहीतरी झालं: तुम्ही कुशीवर वळलात, तोंड उघडलं, नळी ओढली गेली. हे शोधायचं. आणि समजा मधला २०, ९५ टक्क्यांचा ४२. इथे गळती रात्रभर आहे. मास्कचं माप, प्रकार किंवा कुशनची झीज यांतलं काहीतरी मुळातच जुळलेलं नाही.

एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. सर्दी झाली, उशी बदलली, लग्नाला परगावी गेलात, तरी आकडा हलतो. सात-आठ रात्री एकत्र पाहिल्या की खरं चित्र दिसतं.

४. २४ च्या वर गेलं तर बिघडतं काय?

मास्कमधून हवा निसटली तर मशीन लगेच जास्त हवा फेकून प्रेशर टिकवून धरतं. त्यामुळे थोडी गळती असली तरी घशाची वाट उघडी राहते आणि उपचार चालू राहतो. २४ च्या खालचा लीक मशीन सांभाळून घेतं, असा त्या मर्यादेचा साधा अर्थ.

त्याच्या वर बराच वेळ राहिलं की दोन गोष्टी होतात. प्रेशर हवं तेवढं टिकेलच याची खात्री राहत नाही. आणि मशीनला तुमचा श्वास नीट दिसत नाही. श्वास आत-बाहेर होताना हवेच्या प्रवाहात जो चढउतार होतो, त्यावरूनच मशीन श्वास अडकला की नाही ते ठरवतं. मोठ्या गळतीत हा चढउतार हरवतो. मग रिपोर्टमधला एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला हा आकडा, खरा असेलच असं नाही. प्रेशर आपोआप कमी-जास्त करणारं मशीन असेल, तर तेही चुकीच्या माहितीवर निर्णय घेतं.

इथे नवी माणसं हमखास फसतात, म्हणून थोडं थांबते. एएचआय ५ च्या खाली आला की सगळे खूश होतात, आणि व्हायलाही हवं. पण एएचआय १.२ आणि ९५ टक्क्यांचा लीक ४५ असं एकत्र दिसलं, तर त्या १.२ वर विसंबू नका. श्वास अडकलेच नाहीत, की अडकलेले मशीनला दिसले नाहीत, हे त्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. दिवसा डोळे मिटत असतील, घरचे म्हणत असतील की मास्क लावूनही घोरणं ऐकू येतं, तर त्यांचं ऐका.

उलट बाजूही आहे. लीक फक्त ८, पडद्यावर हिरवा हसरा चेहरा, पण ती आठ लिटर हवा नाकाच्या दांड्याजवळून सरळ डोळ्यात जातेय. सकाळी डोळे लाल, कोरडे, चुरचुरणारे. आकडा म्हणतो सगळं ठीक, आणि माणूस वैतागून चार दिवसांत मास्क काढून टाकतो. अशा गळतीवर आकड्याकडे न बघता उपाय करायचा. शिट्टीसारखा आवाज येऊन झोप मोडत असेल तर तेही तसंच.

५. लीक केव्हा होतो ते शोधा

ॲपमध्ये बहुधा रात्रीचा एकच आकडा किंवा गुण मिळतात. रात्रीचा आलेख पाहायचा असेल तर मशीनमधलं एसडी कार्ड उपयोगी पडतं. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घालून बऱ्याच मशीनचा डेटा वाचता येतो. कार्ड संगणकात घालण्याआधी त्याच्या कडेची बारीक खटकी सरकवून ते लॉक करा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. मशीनमध्ये परत घालताना खटकी पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर मशीनला नोंद करता येणार नाही. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा नातीला हे काम सांगा, पंधरा मिनिटांत जमतं.

आलेखात लीक आणि प्रेशर एकाखाली एक ठेवून पाहा. लीक झोपल्या क्षणापासूनच वर असेल, तर मास्क लावण्यात किंवा मापात गडबड आहे. लीक एकदम उभा चढून दहा-वीस मिनिटांनी तसाच खाली येत असेल, तर बहुधा कूस बदलल्यावर मास्क सरकला आणि पुन्हा वळल्यावर बसला. प्रेशर वाढतं तसा लीकही वाढत असेल, तर मास्क कमी प्रेशरला बसवलेला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. आणि लीक वर जाऊन एका पातळीवर बराच वेळ राहतो, पुन्हा खाली येतो, पुन्हा तसाच वर जातो, तोही नाकाचा मास्क असताना, तर तोंड उघडं पडत असण्याची शक्यता मोठी. पहाटेकडे हे जास्त दिसतं, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू फार सैल पडतात.

संगणकाच्या भानगडीत पडायचं नसेल तरी चालेल. सकाळी तीन गोष्टी पाहा. तोंडाला कोरड पडलीय का? ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागाच्या, टाकीतलं पाणी रोजच्यापेक्षा जास्त संपलंय का? मास्क चेहऱ्यावर कुठे सरकलाय? पाणी लवकर संपणं ही मोठ्या गळतीची अगदी साधी खूण आहे.

६. मास्क बसवण्याची रीत

बहुतेक जण पलंगाच्या कडेला बसून, आरशात बघून, मशीन सुरू करण्याआधी मास्क लावतात. तिन्ही गोष्टी चुकीच्या जागी नेतात. आडवं झाल्यावर गाल आणि जबड्याचा आकार बदलतो. आणि मशीन सुरू होताना रॅम्पमुळे, म्हणजे प्रेशर हळूहळू वाढवण्याच्या सोयीमुळे, प्रेशर ४ किंवा ५ असतं, तेव्हा गळती सहसा कळत नाही. रात्री तीन वाजता प्रेशर १२ झालं की मग कळतं. म्हणून हे असं करा:

संध्याकाळी, झोप आलेली नसताना, तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. कुशनही पुसून घ्या.

पट्टे सैल ठेवून मास्क चढवा आणि नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर आडवे व्हा.

मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची सोय असेल तर ती सुरू करा, काही मिनिटं प्रेशर वाढवून ते तुम्हाला बसवायला वेळ देतं. नसेल तर रॅम्प बंद करून मशीन सुरू करा.

आता मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढा आणि हळूच परत टेकू द्या. सिलिकॉनची कड दुहेरी असेल, तर हवेने फुगून ती आपोआप त्वचेवर बसते. पट्टे आवळले की ही कड चेपली जाते, दुमडते आणि तिथूनच गळायला लागते. म्हणूनच लीक आला की पहिल्यांदा पट्टे थोडे सैल करून बघायचे. हे सांगितल्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, पण करून पाहा.

मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, सारखे, थोडे थोडे ओढा. एक बाजू जास्त ओढली की मास्क तिरका होतो. पट्ट्याखाली एखादं बोट सहज सरकलं पाहिजे.

हाताची मागची बाजू ओली करून मास्कच्या कडेभोवती फिरवा. जिथे गार लागेल तिथे हवा निसटतेय. डोळ्यांजवळ लागलं तर मास्क थोडा खाली सरकवा, ओठाजवळ लागलं तर थोडा वर.

डावीकडे वळा, उजवीकडे वळा, उताणे झोपा. तिन्हीत बसला तर तो बसला.

पट्ट्यांची ही जागा सापडली की पट्ट्यावर पेनने बारीक खूण करा. धुतल्यावर पुन्हा शोधावी लागणार नाही. रोज मास्क काढताना पट्टे सैल करायची गरज नसते, क्लिप सोडल्या की पुरे.

७. आपल्या घरातल्या सवयी

परदेशी माहितीपत्रकांत यातलं बरंच लिहिलेलं नसतं, पण घरोघरी हेच आढळतं.

रात्री डोक्याला तेल लावून झोपण्याची सवय असेल, तर डोक्यावरचे पट्टे घसरतात आणि तेल हळूहळू कुशनपर्यंत पोहोचतं. तेल लावायचंच असेल तर सकाळी लावा. रात्रीच्या क्रीमचंही तसंच. चेहरा तेलकट असेल तर चांगला मास्कही घरंगळतो.

चमकी घालणाऱ्या बायकांना नाकाच्या मास्कमध्ये त्याच बाजूने गळती होते, कारण कुशनची कड चमकीवरून जाते. झोपताना चमकी काढणं जमत असेल तर उत्तम. काढवत नसेल तर फुल फेस मास्कची कड चमकीला टाळून बसते का, ते पाहता येतं. अंबाडा किंवा जाड वेणी डोक्याच्या मागे असेल तर मागचा पट्टा वर ढकलला जातो. वेणी सैल, मानेच्या खाली किंवा एका बाजूला घ्या.

मिशा नाकाच्या मास्कच्या खालच्या कडेला आड येतात. झुपकेदार मिशा राखायच्याच असतील, तर नाकपुडीत टेकणारे पिलो अनेकांना सोयीचे पडतात. दाढीचे खुंट वाढले की लीक वाढतो आणि दाढी केली की उतरतो, हा आलेख मी कित्येकांचा पाहिला आहे.

कवळी असेल तर एक ठरवा: कवळी काढून झोपणार असाल तर मास्कही कवळी काढूनच बसवून घ्या. दुकानात कवळी लावून आणि घरी काढून, असं केलं की गाल आत गेलेले असतात आणि फुल फेस मास्क खालून गळतो.

मच्छरदाणीत झोपत असाल तर नळी गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत अडकून ओढली जाते. नळी डोक्याच्या वरून आणा, पलंगाच्या मागच्या बाजूला एखादा हुक लावून सैल सोडा. वळताना नळीने मास्क ओढला जाणं हे अर्ध्या रात्रीनंतरच्या लीकचं नेहमीचं कारण आहे.

पुण्यातल्या थंडीत नळीत पाणी साचतं. ह्युमिडिफायरची ऊबदार दमट हवा गार नळीतून येताना पाणी होते, गुडगुड आवाज येतो आणि ओला मास्क सरकतो. तोंडावर पंखा असेल तर पावसाळ्यातही हे होऊ शकतं. नळीला कापडी वेष्टण घाला, किंवा ओलावा एक टप्पा कमी करा. गरम होणारी नळी असेल तर तिचं तापमान वाढवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी येत असेल, तर टाकीत क्षार चढायला वेळ लागत नाही.

रात्री लाइट गेली तर मशीन थांबतं. मास्क लावून तसेच झोपून राहू नका, काढून ठेवा. फुल फेस मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, तरीही उपचार बंद पडलेला असतोच. लाइट आल्यावर मशीन सुरू झालं की नाही ते पाहूनच पुन्हा झोपा. तुमच्या भागात वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरवर मशीनची जोडणी करून घेणं शहाणपणाचं.

८. तोंडातून जाणारी हवा

नाकाचा मास्क कितीही सुंदर बसला तरी तोंड उघडं पडलं की हवा घशातून तोंडावाटे बाहेर जाते. यावर लगेच फुल फेस मास्क विकत घ्यायला धावू नका. आधी विचारा: तोंड का उघडतंय? बहुतेकदा नाक बंद असतं म्हणून. धूळ, धूर, पावसाळ्यातली बुरशी, हवा बदलतानाची सर्दी, यांनी नाक चोंदलं की शरीर तोंडानेच श्वास घेणार. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे, किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने जलनेती, आणि ह्युमिडिफायरचा ओलावा एक टप्पा वर, एवढ्याने बऱ्याच जणांचं काम होतं. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा ॲलर्जी वर्षभर असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब मनाने रोज घालू नका, काही दिवसांनी त्यांनीच नाक जास्त बंद होतं.

नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर फुल फेस मास्क हा सरळ मार्ग. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, काहींना अजिबात नाही. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ हल्ली सगळीकडे फिरतात. ज्यांचं नाक बंद होतं, ज्यांना रात्री उलटी किंवा पित्त वर येण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हा प्रकार धोक्याचा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

९. मास्कच बदलायचा असेल तर

कुशन पिवळट, चिकट किंवा फार मऊ पडली, कडेला बारीक चीर दिसली, की कितीही बसवा, ती गळणारच. बऱ्याच मास्कची कुशन सुटी मिळते, सगळा मास्क घ्यायची गरज नसते. रोज ओल्या फडक्याने पुसा, सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवा. डेटॉल, स्पिरिट लावू नका आणि गॅलरीत उन्हात वाळत घालू नका, सिलिकॉन लवकर खराब होतं.

वजन बरंच कमी किंवा जास्त झालं असेल तर चेहऱ्याचं मापही बदललेलं असतं. माप ठरवताना ‘मोठा घेऊ, सैल बरा’ असं करू नका. नाकाच्या मास्कमध्ये मोठं माप हमखास डोळ्यांकडे गळतं. विकत घेण्याआधी तुमच्या रोजच्या प्रेशरवर, आडवं होऊन, किमान पंधरा मिनिटं लावून पाहायला मिळालं पाहिजे, असा आग्रह धरा. मास्क स्वस्त नसतात आणि वापरलेला परत घेतला जाईलच असं नाही.

एक गोष्ट अवश्य विचारा: क्लिपमध्ये चुंबक आहे का? चुंबकाच्या क्लिप लावायला सोप्या असतात, पण पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची धातूची क्लिप किंवा शरीरात बसवलेलं तसं दुसरं उपकरण असलेल्यांनी हे मास्क वापरू नयेत. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असला तरीही. मास्कच्या कंपन्यांनी स्वतःच तसा इशारा दिलेला आहे. अशा मास्कना बिनचुंबकाचे पर्याय मिळतात.

१०. डॉक्टरांकडे कधी जायचं आणि काय घेऊन

लीक कमी करायला मशीनचं प्रेशर स्वतः कमी करू नका. लीक नक्की कमी दिसेल, पण घसा पुन्हा मिटायला लागेल. प्रेशर हा डॉक्टरांचा विषय.

मास्क नीट बसवून, सवयी बदलून दोन आठवडे झाले तरी ९५ टक्क्यांचा आकडा मर्यादेच्या वर असेल, नाकावर जखम झाली असेल, डोळे रोज लाल होत असतील किंवा पोटात हवा भरून सकाळी फुगल्यासारखं वाटत असेल, तर अपॉइंटमेंट घ्या. दिवसा झोप येत असेल, मुंबईला जाताना एक्सप्रेस वेवर डोळे मिटल्यासारखे होत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका आणि तोवर गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या.

जाताना मास्क आणि नळी पिशवीत घालून न्या. एसडी कार्ड न्या, किंवा आठवड्याच्या रिपोर्टचा फोटो. एका कागदावर लिहून ठेवा: मास्कचं नाव आणि माप, मशीनचं प्रेशर, कोणत्या कुशीवर झोपता, सकाळी तोंड कोरडं असतं का, मास्क रात्री कितीदा काढता. शेजारी झोपणारं माणूस बरोबर आलं तर फार बरं, कारण तुम्ही झोपेत असताना तोंड उघडं होतं का आणि शिट्टी कुठून वाजत होती, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.